एम.एस्सी.पूर्वी पुण्यातील उन्हाळी कोर्स करावा की घरीच तयारी करावी?

नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातील असून यंदा संख्याशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण करीत आहे. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला बरे गुण मिळाल्याने एखाद्या आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल अशी आशा आहे. तोवर पुण्यातील एका खासगी क्लासचा सहा आठवड्यांचा कोर्स करावा की घरीच अभ्यास करावा, हे माझे ठरत नाही.

जॅममध्ये पर्याय निवडायचे किंवा आकडा भरायचा असतो, त्यामुळे सिद्धता लिहिण्याची सवय मला लागलीच नाही. मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू मी न चुकता काढतो. परंतु रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू रिअलच का असतात, हे सिद्ध करायला घेतले की दुसऱ्या ओळीवर अडतो. रिग्रेशनमधील लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे मुळात कॉलम स्पेसवरील प्रोजेक्शन, हेही मला अलीकडे समजले; तोपर्यंत फक्त सूत्र पाठ होते.

केवळ व्याख्याने ऐकण्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही, कारण लिनिअर अल्जेब्रा आणि रिअल अ‍ॅनॅलिसिस या दोन्ही विषयांची व्याख्याने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. एमटीटीएस हा गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचा चार आठवड्यांचा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम मला सर्वांत उपयोगी पडला असता आणि तेथे राहण्याजेवण्याचा खर्चही नसतो, पण मला माहिती मिळाली तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती. पदवीला असलेल्यांनी हिवाळ्यातच चौकशी करावी, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

खरी अडचण वही तपासण्याची आहे. मी लिहिलेली सिद्धता कोठे फसली, हे घरी कोणी सांगणार नाही. क्लासने दर आठवड्याला लेखी सराव तपासून देऊ असे सांगितले आहे. तुकडीत किती मुले असतील, हे मात्र अद्याप सांगितलेले नाही.

कोर्स मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आहे. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने आम्ही कापसाची लागवड आता जूनमध्येच करतो, म्हणजे ठिबकच्या नळ्या अंथरण्यापासून बियाणे टोचण्यापर्यंतचे सगळे काम नेमके याच दिवसांत येते. वडील म्हणतात, "तू जाय, वावरनं मी देखी लिसू." परंतु त्यांचे गुडघे दुखतात, आणि फी व खोलीचे भाडेही कापसाच्याच पैशांतून द्यावे लागेल. घरी राहिलो तर पहाटे ४ ते ८ अभ्यास होईल. दुपारी पारा ४४ अंशांवर गेला की आमच्या पत्र्याच्या घरात बसवत नाही.

ज्यांनी आयआयटीतून वा विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, त्यांना विचारायचे आहे की सिद्धतांची ही उणीव पहिल्या सत्रात भरून निघते, की सुरुवातीलाच मागे पडल्यावर सावरणे अवघड जाते? तसेच आमच्या महाविद्यालयातील गणिताच्या सरांना आठवड्यातून एकदा माझी वही पाहण्याची विनंती केली, तर तेवढ्यावर भागेल का? क्लासला येत्या सोमवारपर्यंत कळवायचे आहे.