आबांची दुनळी, जुनी जीप आणि सातपुडा : तुमच्या घरच्या आठवणी लिहा

मागच्या महिन्यात आबांची बारा बोरची दुनळी बंदूक पोलीस स्टेशनला जमा करून आलो. आबा गेले, लायसन त्यांच्या नावावर, आता वारसाने एकतर स्वतःच्या नावावर परवाना मागायचा नाहीतर बंदूक जमा करायची, कपाटात तशीच पडू देणं म्हणजे गुन्हा. आम्ही दोघं भाऊ, एक पुण्याला, मी इथे फैजपूरला केळी बघतो, दोघांनी ठरवलं की नको. पण ती चादरीत गुंडाळून गाडीत ठेवताना भाऊ रडला.

पावती खिशात घातली आणि घरी न जाता गाडी सरळ सातपुड्यातल्या पाल गावाकडे घेतली, सावदा, खिरोदा, मग घाट. लहानपणी आबांच्या बिनहुडाच्या जीपमध्ये याच रस्त्याने जायचो, मागे आम्ही नातवंडं, पुढे आबा आणि त्यांचे एक तडवी आदिवासी दोस्त, ते तडवी बाबा ठसा बघून सांगायचे की जनावर रात्री गेलं का आत्ता पहाटे. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, हिवाळा असेल तर भरीत. शिकार तेव्हा बंदच झालेली. आबा सांगायचे, 1972 चा वन्यजीव कायदा यायच्या आधी जंगल खात्याकडून पास काढून शिकारीसाठी जंगलाचा ठराविक तुकडा, म्हणजे ब्लॉक, मिळायचा. कायदा आला तशी आबांनी जंगलात बंदूक नेणं सोडलं, जंगलात जाणं मात्र नाही सोडलं, आणि मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडतं. पुढे दुनळी दसऱ्याला पूजेपुरती निघायची आणि इलेक्शन लागलं की ठाण्यात जायची, निकालानंतर परत घरी.

सुकी धरणावर गाडी लावून आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत बसलो. तुमच्याकडेही असं काही असेल, बंदूक, गोफण, जीप, एखादा रस्ता, तर लिहा. फुशारकी नको, जे घडलं तेच लिहा.

शिरपूरहून :
आमच्याकडे छर्ऱ्याची बंदूक होती, तिला लायसन लागत नव्हतं, आताही .177 च्या कमी ताकदीच्या एअरगनला लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं पाखरं मारली तरी चालतात, तसं नाहीये, पाखरू मारणं शिकारच धरतात. मी सातवीत असताना एक होला पाडला, मायने बघितलं. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "तिना पिल्ला काय खातीन रे भो?" त्या दिवसापासून बंदूक माळ्यावर गेली ती गेलीच.

चोपडा तालुक्यातून :
मी शेतकऱ्याची मुलगी आणि आता शेतकऱ्याची बायको, म्हणून जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. आठवणी गोड आहेत पण रानडुकरं आजची आहेत. मका दाण्यात आला की कळप येतो आणि एका रात्रीत बिघाभर आडवा, खातो थोडं, तुडवतो जास्त. वडिलांकडे पीक राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, दारू ठासायची, नुसता बार उडवायचा, आवाजानेच जनावर पळायचं, वडिलांनी तिने एकही डुक्कर मारलं नाही. आम्ही बहिणी मचाणावर डबा वाजवत जागायचो. आता वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई सगळं आहे, पण पंचनामा होईपर्यंत मका वाळून जातो. मग लोकं काय करतात, तर तारेत लाईट सोडतात किंवा गावठी बॉम्ब ठेवतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाईने तसला एक चावला, जबडा फाटला, तीन दिवस उभी होती, पाणी सुद्धा पिता येईना. ते मी विसरू शकत नाही. परवान्याची बंदूक असलेला माणूस निदान कागदावर असतो, या बॉम्बवाल्याला कोण विचारतं? आम्ही कुंपणाच्या तारेला सोलरची झटका मशीन बसवली, तिचा झटका बसतो पण जीव जात नाही. दरवर्षी तारेखालचं गवत काढावं लागतं, नाहीतर करंट उतरतो.

धुळ्याहून :
काकांकडे तीन बंदुका होत्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, तिसरी त्यांनी जमा केली. कोणती द्यायची यावर घरात महिनाभर चर्चा.

वरणगावहून :
वडील इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, रायफलची काडतुसं बनतात तिथे. आयुष्यभर काडतुसांवर घर चाललं पण त्यांनी स्वतः कधी ट्रिगर ओढला नाही, घरात दिवाळीची पिस्तूल सुद्धा आणू दिली नाही.

धडगावहून :
आम्ही पावरा आदिवासी. आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती, धनुष्यबाण होता, अजून आहे. डाया (आजोबा) सशाच्या वाटा ओळखायचे. ज्यांच्या जीपा वर यायच्या त्यांच्यासाठी आमची माणसं हाका घालायची, म्हणजे ओरडून जनावर बंदुकीसमोर हाकलायची, फोटोत मात्र ती माणसं नाहीत. हेही इथे लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

चाळीसगावहून :
धडगावच्या दादांचं वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडे कन्नड घाटाला औट्रम घाट म्हणतात, तो इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम 1825 च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला आला, वाघाच्या शिकारींसाठीही त्याचं नाव झालं. मामांच्या फियाटमध्ये आम्ही त्या घाटातून रात्री औरंगाबादला जायचो, एकदा वळणावर दिव्यांत बिबट्या उभा. मामांची बंदूक मागच्या सीटखाली होती. मामांनी इंजिन बंद केलं, दिवे बंद केले, आम्ही श्वास धरून बसलो, परत दिवे लावले तर रस्ता मोकळा. आता तिथून गेलो की मी त्या वळणावर काच खाली करतो.

फैजपूर, धागा काढणारा :
धडगावच्या दादा, बरं केलंत लिहिलंत. आमच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, आबा जीपला टेकून उभे, तडवी बाबा फोटोच्या कडेला अर्धेच आलेत. त्यांचा नातू पालला असतो असं कळलंय. येत्या रविवारी फोटो घेऊन जातोय.