चारित्र्य पडताळणीचा दाखला सर्वांनाच सक्तीचा असावा का?

एक पालक, जुळे सोलापूर:
माझी मुलगी ज्या रिक्षातून शाळेत जाते, त्या रिक्षावाल्या काकांच्या मोबाइल क्रमांकापलीकडे मला त्यांच्याविषयी काहीही ठाऊक नाही. आणि रिक्षा पालकांनीच ठरवलेली असल्याने शाळेने हात वर केले आहेत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने कायम व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. 2024 मधील बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता, हे आपण विसरलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच, की रिक्षाचालक, पाळणाघरातील ताई आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या सेवेसाठी ब्युरोमार्फत येणारे मदतनीस यांपैकी कुणालाही दाखल्याशिवाय कामावर ठेवू नये.

एक शिक्षिका:
आपली काळजी रास्त आहे, परंतु ही सक्ती सोलापुरात कुणाच्या मानेवर बसेल, याचाही विचार व्हावा. ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून येथे तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांची 31 ऑगस्ट 1952 रोजी कागदोपत्री मुक्तता झाली; त्यांची नातवंडे मात्र आजही पत्त्यात ‘सेटलमेंट’ हे त्या कुंपणातल्या वस्तीचे नाव लिहिताना अडखळतात. माझ्या आईची सेवा करणाऱ्या बाईंना एका ब्युरोने केवळ हा पत्ता पाहून परत पाठवले होते. शिवाय गुन्हा दाखल होणे आणि तो सिद्ध होणे यांत फरक आहे.

एक निवृत्त मुख्याध्यापक:
बाई, हा फरक मला मान्य आहे, पण तो ताणता किती येईल? इंग्लंडमधील सोहम येथे 2002 साली शाळेच्या एका रखवालदाराने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध लैंगिक स्वरूपाच्या तक्रारी पोलिसांकडे आधीच आल्या होत्या, मात्र एकीतही शिक्षा झालेली नव्हती, आणि ती माहिती शाळेपर्यंत पोहोचलीच नाही. म्हणून तेथे या कामांसाठीच्या सखोल तपासणीत आता शिक्षेबरोबरच पोलिसांकडील संबंधित माहितीही विचारात घेतली जाते. आपल्याकडे 2018 मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद केवळ तपास यंत्रणांनाच पाहता येते.

एक पालक, जुळे सोलापूर:
मग दाखल्यात फक्त मुले, स्त्रिया आणि वृद्ध यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांचाच उल्लेख असावा. वस्ती आणि शेजाऱ्यांचे मत त्यात नसावे. शुल्कही कामावर ठेवणाऱ्याने भरावे. रिक्षावाल्या काकांसाठी आम्ही पालक वर्गणी काढू.

एक शिक्षिका:
एवढे झाले तर माझा विरोध निम्मा मावळेल. उरलेला निम्मा यासाठी, की दाखल्यात काय लिहिले आहे ते त्या माणसाला आधी दाखवले जावे आणि चूक असल्यास ती दुरुस्त होईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याला देऊ नये. तोवर तो मुलांपासून दूर राहिला तरी चालेल, पण त्याचा पगार थांबू नये.

एक निवृत्त मुख्याध्यापक:
पगार शाळा देऊ शकेल. रिक्षावाल्याला तो कोण देणार?