आंबोली टोड की कोयना टोड? फोटोवरून कसं ओळखायचं?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. पहिल्या पावसात आंबोलीच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) एक छोटा टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, दिसला. अंगठ्याएवढाच असेल, पण कुशीवरचा पिवळा रंग लांबूनही चमकत होता. कोल्हापुरात परत आल्यावर फोटो बघतोय तोवर मित्रानं चांदोलीकडचा एक फोटो पाठवला. तोही टोडच, तसाच तपकिरी, कुशीला पिवळा. हे दोन्ही एकच का? का एक कोयना टोड?

पन्हाळा_रोड
अहो, अंगणात दिव्याखाली किडे खायला येतो त्या साध्या टोडचं पिल्लू असेल.

सड्यावरची
नाही दादा, साध्या टोडच्या कुशीवर असा हळदी पिवळा नसतो. शिवाय त्याच्या डोक्यावरच्या उंचवट्यांना काळी कड असते.

राजारामपुरीकर, दोन्ही फोटो शेजारी ठेवून फक्त कूस बघा. पाठीचा रंग सोडून द्या. ओल्या अंगावर आणि फ्लॅशमध्ये तो फार फसवतो. आंबोलीच्या फोटोत पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे पट्टे आहेत, वाघासारखे. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात टायग्रिना आहे. चांदोलीच्या फोटोत पट्टे नाहीत, सुटे ठिपके आहेत. तो कोयना टोड.

कोयनेचा टोड संशोधक सोमण यांनी १९६३ मध्ये पहिल्यांदा नोंदवला, साताऱ्यातल्या हुंबर्लीहून. आंबोलीच्या टोडला स्वतंत्र नाव मिळायला २००९ उजाडलं. बेडकांचे अभ्यासक बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या दोघांसाठी झँथोफ्रायनी हा वेगळा जीनस (जवळच्या जातींचा गट) केला. त्यात हे दोघंच, आणि दोघंही फक्त आपल्या सह्याद्रीतले! मला याचा फार अभिमान वाटतो.

राजारामपुरीकर
ताई, आभार. आता पट्टे स्पष्ट दिसले. मग आंबोलीत दिसला म्हणजे आंबोली टोड, असं धरलं तर चालेल?

सड्यावरची
नुसत्या ठिकाणावरून ठरवू नका. आधी कूस, मग ठिकाण. उलट नोंद करताना गाव आणि तारीख नक्की लिहा, नुसतं 'पश्चिम घाट' लिहिलेल्या फोटोचा अभ्यासाला काही उपयोग होत नाही. फक्त नेमक्या डबक्यांची जागा सगळ्यांसमोर जाहीर करू नका.

आणि एक कळकळीनं सांगते. जांभ्यावरच्या त्या उथळ पाण्यातच त्यांची अंडी असतात. तिथं गाडी वळवली किंवा बूट घालून चिखल केला की संपलं. आंबोली टोड आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) यादीत अतिसंकटग्रस्त आहे. हातात घेऊन पोज देऊ नका, पोरांनाही देऊ नका. कूस दिसेल असा बाजूनं एक फोटो पुरतो.

आजरा_लाईन
पावसात रात्री घाटात गाडी हळू चालवा एवढं मीही म्हणतो. टोड रस्त्यावर येतात, आणि चाकाखाली गेलेला पट्टेवाला की ठिपक्याचा हे कुणालाच कळत नाही.

राजारामपुरीकर
मित्रालाही हे सगळं पाठवलं. त्यानं चांदोलीकडचा आणखी एक फोटो दिलाय, बाजूनं काढलेला. ठिपकेच आहेत, एकही पट्टा नाही.