मदत हवी आहे: आकडा, फोटो, संदर्भ मुळापर्यंत कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी,

एसवायबीएला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, रोज बदलापूर-सीएसएमटी. या सत्रात रिसर्च प्रोजेक्ट आहे, मी विषय घेतला २६ जुलै २००५ चा मुंबईतला महापूर. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण बाबा कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत रुळांतून चालत आले ती कथा दर पावसाळ्यात ऐकते. म्हटलं, सोपं जाईल.

कच्चा मसुदा दाखवला. 'मुंबईत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला' या वाक्यातल्या 'मुंबईत'भोवती मॅडमनी लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'कुठल्या?' आठ ठिकाणी वाचलं होतं हो मी! नीट शोधलं तर तो आकडा सांताक्रूझचा. कुलाब्याला त्याच वेळात ७५ मिमीसुद्धा नाही. म्हणजे आठही जणांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं, नववी मी.

त्याहून लाजिरवाणं म्हणजे संदर्भसूचीतली पाच नावं चॅटबॉटकडून घेतली होती. लेखक, साल, पान क्रमांक, सगळं ऐटीत. त्यातले दोन निबंध कुणी लिहिलेलेच नाहीत. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त 'वाचलेस का?' म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांच्या ग्रुपवरचा बुडालेल्या बसचा फोटो गुगल लेन्सवर टाकला, तर चेन्नईचा निघाला. बाबा मानत नाहीत. म्हणे, 'मी स्वतः पाहिलीय ती बस.'

मूळ कागद कुठे बघायचे? आणि तेव्हाचे पेपर?

प्रतिसाद:
अगं, या पुराची कारणं तपासणाऱ्या डॉ. माधवराव चितळे समितीचा २००६ चा अहवाल काढ. इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे. सगळा वाचत बसू नकोस, अनुक्रमणिकेतून पाऊस आणि मिठी नदी गाठ. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यांच्या संदर्भसूच्या चाळल्यास की निम्मं काम होतं. गुगलवर नेमकं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोध, कुणी कुणाचं उचललंय ते लगेच दिसतं.

पेपरांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा फोर्टचं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. आधी फोन करून कुठल्या सालचे अंक आहेत ते विचार, कॉलेजचं पत्र जवळ ठेव. पण २७ जुलैच्या सकाळच्या पेपरात ९४४ शोधू नकोस. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. तो आकडा २७ च्या साडेआठला पुरा झाला, तोवर पेपर घरोघरी पडलेला. २८ पासून पुढे बघ.

धागाकर्ती:
साडेआठचं डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार. या आठवड्यात दादरला जातेय. बाबा सोबत येतो म्हणतायत, बस शोधायला.