मदत हवी आहे: खाण्याच्या शब्दांचा रोजचा खेळ, आणि 'भाकरी' नक्की किती घरांत बसवायची?

नमस्कार, सोलापुरातून लिहितेय. गेले दोन महिने रात्रीची भांडी आवरली की मी आणि आई मोबाइलवर खाण्याच्या शब्दांचा रोजचा ऑनलाइन खेळ खेळतो. वर्डल ह्या शब्द ओळखायच्या खेळासारखाच आहे, इंग्रजी पाच अक्षरं आणि सहा प्रयत्न. अक्षर जागेवर असलं की हिरवं, शब्दात असून जागा चुकली की पिवळं, नसलं की राखाडी. फक्त शब्द स्वयंपाकघरातला. आई ७२ वर्षांची. ती मराठीत पदार्थ सुचवत जाते, मी मनात स्पेलिंग मोजते. गुडघ्यांमुळे तिचं जिना उतरणं बंद झालंय. त्यामुळे ही पंधरा मिनिटं आम्हा दोघींना फार मोलाची आहेत.

पहिली अडचण. परवा मी 'अनियन' टाकलं (ओ-एन-आय-ओ-एन). पहिला ओ राखाडी, चौथा ओ हिरवा. एनचंही तसंच, आधीचा राखाडी, शेवटचा हिरवा. मग शब्दात ओ आहे की नाही? ह्या गोंधळात दोन प्रयत्न गेले. उत्तर निघालं 'लेमन'. हे असं का होतं? आणि सुरुवात कोणत्या शब्दाने करावी?

दुसरी अडचण मोठी आहे. आईला हा खेळ मराठीत हवाय. भाच्याने हौसेने एक साधं वेबपान बनवून दिलं, पण त्यात 'भाकरी' पाच घरं घेते आणि 'ज्वारी' चक्क सहा! आईने बोटांवर मोजून दाखवलं, "भा, क, री. तीन. आणि ज्वारी दोनच की गं." तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीच्या काळ्या रानातलं. हा शब्द निघाला आणि पुढचा अर्धा तास हुरड्यात गेला. गूळभेंडीची कणसं, आगटी, सोबत शेंगाचटणी. म्हणूनच खेळ मराठीत व्हावा असं मनापासून वाटतंय. कुणी केलाय का असा प्रयत्न?

प्रतिसाद १

ताई, खेळ बरोबर आहे. लेमनमध्ये ओ एकच, एनही एकच. तुम्ही दोन-दोन टाकले. जागेवर बसलेला हिरवा झाला, जास्तीचा राखाडी. म्हणजे त्या राखाडीचा अर्थ 'आणखी एक नाही' एवढाच.

सुरुवातीला 'रोस्ट' टाका आणि दुसऱ्यांदा जिऱ्याचं 'क्युमिन'. दोन्हींत मिळून दहा वेगळी अक्षरं तपासून होतात. स्वरांपैकी फक्त ई उरतो. मी हल्ली असंच खेळतो, बहुतेक वेळा चौथ्या प्रयत्नात सुटतं.

प्रतिसाद २

भाच्याला सांगा, संगणक युनिकोडची, म्हणजे तो अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यातली, सुटी चिन्हं मोजतोय. भ, काना, क, र, वेलांटी अशी पाच. ज्वारीत हलन्तही वेगळा धरला जातो, म्हणून सहा. पान ज्या जावास्क्रिप्ट भाषेत लिहितात तिच्यातली 'इंटल सेगमेंटर' ही सोय वापरली की भा, क, री असे अख्खे तुकडे मिळतात. जोडाक्षरं एकत्र ठेवायचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३ साली आला. जुन्या फोनवर 'ज्वा' तुटू शकतो, ते तपासून घ्या.

रंग मात्र चार ठेवा. शब्दात 'री' असताना कुणी 'रा' टाकला तर तो राखाडी करणं अन्याय आहे. 'व्यंजन बरोबर, मात्रा चुकली' ह्याला वेगळा रंग हवाच. आणि पिठलं की पिठले हे आधीच ठरवा, नाहीतर घरात वाद होतील.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. काल रोस्ट-क्युमिन करून पाहिलं, तिसऱ्यातच सुटला! जिऱ्याने काम झालं म्हणून आई भलतीच खूश.

भाचा रविवारी येणार आहे. तोवर चौकटीच्या वहीत खेळतोय. शब्द तीन अक्षरी ठेवलेत, कारण आमच्या रोजच्या ताटातले कितीतरी शब्द तेवढेच निघाले. भाकरी, चटणी, आमटी, उसळ, धपाटे, हुरडा, डाळिंब. चौथ्या रंगासाठी मी केशरी पेन्सिल घेतली. आईने पहिल्या डावात 'अंबाडी' लिहून ठेवली होती, मला ती पाचव्या प्रयत्नात सापडली. पिठलं बोलतो तसंच लिहायचं ठरलंय, त्यावर आई ठाम आहे.

शेजारच्या काकू घरी तेलुगू बोलतात, त्यांनाही खेळायचंय. त्यांच्याशी मराठीतच खेळू, शब्द दोन्ही घरांत रांधले जाणारे घेऊ.

आता शब्द हवेत. रानभाज्यांचे आणि दुधाच्या पदार्थांचे तीन अक्षरी शब्द आम्हाला कमी पडतायत. ज्याला जे आठवेल ते खाली लिहा, मी आईला वाचून दाखवीन.