डिफ्यूझरकॅम: टेप लावलेल्या सेन्सरवरून चित्र उलगडत नाही

प्रश्न
भिंगाऐवजी प्रकाश विखुरणारी टेप लावून मग गणिताने चित्र उलगडणारा कॅमेरा, म्हणजे डिफ्यूझरकॅम, बनवत आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एचक्यू कॅमेऱ्याचं भिंगाचं माउंट काढून सेन्सरपासून ४ मिमीवर डबल टेप लावली आहे. एलईडीचा पीएसएफ (एका प्रकाशबिंदूची सेन्सरवर पडणारी नक्षी) ४० सेंमीवरून घेतला. मोबाइलच्या स्क्रीनवर ठळक बाण, तो मात्र १० सेंमीवर. दोन्ही फोटो जेपीईजी, आठपट लहान केलेले. एडीएमएमच्या (चित्र फेरीफेरीने सुधारत काढणारी गणिती पद्धत) १०० फेऱ्यांनंतरही मधोमध धुकं आणि कडेला पट्टे येतात. दोष टेपचा की कोडचा?

उत्तर १
आधी जेपीईजी सोडा. प्रत्येक बिंदूची नक्षी सरकते आणि बाकीच्यांत मिसळते, यावर सगळं गणित उभं आहे. पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या प्रमाणात असेल तरच ती बेरीज खरी ठरते, आणि जेपीईजीतला गामा (उजेडाचे आकडे वाकवणारा बदल) नेमकं तेच मोडतो. रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे) घ्या, त्यातून काळ्याची पातळी, म्हणजे पूर्ण अंधारातही येणारा आकडा, वजा करा (या सेन्सरला १२ बिटांत २५६). ती राहिली तर फोटोभर सारखाच उजेड आहे असं कोडला वाटतं. तुमच्या धुक्यात त्याचाही वाटा असणार. एक्स्पोजर हाताने ठरवा, पीएसएफच्या सर्वांत उजळ रेषाही कमाल मर्यादेला टेकू देऊ नका.

माउंटबरोबर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरही निघतो, त्यामुळे खोलीत ऊन किंवा पिवळा बल्ब नको.

उत्तर २
अंतराचा घोळ त्याहून मोठा आहे. नक्षी (झेड + डी) / झेड या प्रमाणात मोठी होते (झेड म्हणजे वस्तू ते टेप अंतर, डी म्हणजे टेप ते सेन्सर): ४० सेंमीला १.०१, १० सेंमीला १.०४. सेन्सरच्या कडेला हा फरक सुमारे ९० मायक्रॉन, म्हणजे लहान केलेल्या फोटोत सातेक पिक्सेल. (याच गुणावर बर्कलेच्या गटाने २०१८ मध्ये एका फोटोतून त्रिमितीय चित्र काढलं. फार सुंदर काम आहे.)

एलईडी जवळ आणू नका, मोबाइल ४० सेंमीवर न्या. एलईडीपुढचं १ मिमीचं छिद्र तिथून नक्षी १० मायक्रॉनच पुसट करतं, १० सेंमीवरून ४०. सात सेंमीचा बाण मग जेमतेम ५६ पिक्सेल भरेल, पण रेखीव येईल.

उत्तर ३
पट्टे पॅडिंगचे, म्हणजे चित्राभोवती रिकामी जागा न भरल्याचे. एफएफटी (कोड नक्षी मिसळण्याचं गणित ज्याने झटपट करतो ते) चित्राची डावी कड उजवीला जोडते, म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतील इतकी शून्यं भरा आणि सेन्सरएवढा भाग कापणं मॉडेलमध्येच ठेवा.

टेपभोवती काळी इन्सुलेशन टेप लावून खिडकी इतकी ठेवा की नक्षी सेन्सरच्या आत संपेल. नक्षी हौदाच्या तळाशी उन्हाचं जाळं दिसतं तशी हवी, बारीक आणि तीक्ष्ण. नुसता पांढरा डाग दिसला तर टेप बदला. पीएसएफचा स्वतःशीच सहसंबंध काढा (नक्षी स्वतःवरच सरकवून कुठे किती जुळते ते पाहणं): एकच टोकदार शिखर आलं तर टेप चांगली.