चर्चा: डिफरन्शियलचा घोळ घालायचा की रोज रात्री सरळ पूर्ण बॅकअप घ्यायचा?

वजनकाटा (जळगाव एमआयडीसी)

आमची डाळ मिल. तीन युनिटं: जळगाव, धुळे, दोंडाईचा. ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीवर, डेटाबेस ४०० जीबीच्या आसपास. बॅकअपचं धोरण मीच लिहिलेलं. रविवारी पूर्ण बॅकअप, रोज रात्री २ वाजता डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच), दर १५ मिनिटांनी लॉग (प्रत्येक व्यवहाराची क्रमवार नोंद). जागा कमी, म्हणून लॉग दोनच दिवस ठेवायचे.

तुरीचा हंगाम, शुक्रवारची सकाळ. स्टोरेजचा कंट्रोलर गेला. बॅकअप वेगळ्या खोक्यात होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. रविवारचा पूर्ण चढवला, त्यावर पहाटेचा डिफरन्शियल लावला, तर त्रुटी ३१३६, म्हणजे हा डिफरन्शियल या पूर्ण बॅकअपवर बसत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तीच. बाहेर काट्यावर ट्रकांची रांग, आणि हमाल खिडकीशी येऊन विचारतायत, "साहेब, पोती उतरवू की नको?"

दुपारी कारण कळलं. बुधवारी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मुलाने टेस्टिंगसाठी स्वतःच्या डिस्कवर एक पूर्ण बॅकअप घेतला होता, 'कॉपी ओन्ली' (नुसती वेगळी प्रत, डिफरन्शियलचा पाया न बदलणारी) हा पर्याय न लावता. त्या क्षणापासून आमच्या डिफरन्शियलचा पाया ती फाइल झाली. रविवारच्या बॅकअपवर नुसते लॉग लावत आलो असतो तरी चाललं असतं, कारण अशा बॅकअपने लॉगची साखळी तुटत नाही. पण रविवार ते बुधवारचे लॉग आम्हीच पुसले होते. शेवटी ती डिस्क नाशिकहून गाडीने आली आणि रात्री ८ ला काटा सुरू झाला.

माझं मत: वेळापत्रक चुकीचं नव्हतं, शिस्त नव्हती. आता लॉग १५ दिवस ठेवतो, म्हणजे मागचे दोन पूर्ण बॅकअप त्यात येतात. बाहेरच्या कुणालाही बॅकअपचा अधिकार नाही. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर खराखुरा रिस्टोअर. ज्या धोरणात रिस्टोअरची तारीख नाही त्याला मी धोरण मानत नाही.

केळीपट्टा (रावेर)

भो, तुमच्या गोष्टीतच उत्तर आहे आणि तुम्ही उलटा अर्थ काढताय. डिफरन्शियल नसता तर त्या मुलाने दहा बॅकअप घेतले असते तरी काही बिघडलं नसतं. आमचा केळी खरेदी आणि कोल्ड स्टोरेजचा डेटाबेस ९० जीबी. रोज रात्री पूर्ण बॅकअप, कॉम्प्रेस करून. दोन डिस्क आळीपाळीने, एक जोडलेली, एक माझ्या घरी कपाटात (मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत एक तासही राहू देत नाही). मी आजारी पडलो तरी आमचा स्टोअरकीपर रिस्टोअर करू शकतो, कारण फाइल एकच आहे. तुमच्याकडे तुम्ही नसाल तर कोण करणार?

वजनकाटा

एकच फाइल, पण पूर्ण दिवस जातो ना! संध्याकाळी ५ ला सर्व्हर पडला तर सकाळपासूनच्या सगळ्या काटा पट्ट्या, सगळी आवक गेली.

केळीपट्टा

पट्टीचं कागदी बुक असतं. दोन पोरं बसवली की रात्रीत एंट्री होते. आमच्याकडे हे एकदा केलेलं आहे.

मूळ अमळनेर, आता पुणे (डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा)

दोघेही आपापल्या आकाराचं धोरण दुसऱ्याला लावताय. ९० जीबीला रोज पूर्ण घ्या, उत्तम. २ टीबीला घेऊन दाखवा. पण केळीपट्टा, एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडणार. रोज पूर्ण घेताना लॉग बॅकअप का सोडायचा? डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (बॅकअप होईपर्यंत सगळा लॉग जपणारी सेटिंग) असेल आणि लॉग बॅकअप घेतला नाही, तर लॉग फाइल फुगत जाऊन एक दिवस डिस्कच भरते. सिंपल मॉडेलमध्ये (लॉग न जपणारी सेटिंग) ठेवला असेल, तर दुपारी ३ ला कुणी चुकीचा डिलीट चालवला की २:५९ ला परत जाताच येत नाही. कागदी बुकात आजची आवक असते, पुसलेली जुनी खाती नसतात.

वजनकाटा, तुम्हाला: शिस्त हा शब्द मला पुरत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, एकही धड कामाला आला नाही. त्यांचं डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस ९.६ चं आणि त्याचा डंप (पूर्ण प्रत) घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे डंप होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या मेल पोचत नव्हत्या. सहा तास जुनी एक प्रत नशिबाने होती. तिथे शिकलेली माणसं कमी नव्हती. म्हणून आम्ही 'बॅकअप फसला' या मेलची वाट बघत नाही. 'झाला' हा मेल आला नाही की फोन वाजतो.

हिशेबनीस (चोपडा)

मी अकाउंट्सची. किती तासांचं नुकसान चालेल हे संगणकवाल्यांनी का ठरवायचं? मालकाला आणि आम्हाला विचारा, कागदावर सही घ्या. वजनकाट्याचं १५ मिनिटं, पगारपत्रकाचं एक दिवस, असं वेगवेगळं निघेल. आणि कंपनी असाल तर कायदाही बघा: ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्या संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. घरच्या कपाटातली डिस्क म्हणजे सर्व्हर नव्हे.

केळीपट्टा

ताई, हे मात्र खरं. पण सगळं क्लाउडवर टाका म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी ४०० जीबी परत उतरवायला ९ तास. आमच्याकडे पावसात ती लाइन असते तरी का?

मूळ अमळनेर, आता पुणे

म्हणूनच दोन्ही. जवळची प्रत वेगासाठी, लांबची आगीसाठी आणि रॅन्समवेअरसाठी (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस). जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. जोडून ठेवलेली डिस्क सर्व्हरसोबतच लॉक होते. तुमची कपाटातली डिस्क इथे सोन्यासारखी आहे, ती सोडू नका.

केळीपट्टा

अमळनेरवाले भाऊ, तुमनं म्हननं अर्धं पटनं. रविवारी जुन्या पीसीवर कपाटातली डिस्क लावून बघतो.

केळीपट्टा (रविवार, रात्री)

डेटाबेस ५० मिनिटांत चढला. पण ईआरपी उघडेना, सगळ्यांचं लॉगिन फेल. लॉगिन सर्व्हरच्या स्वतःच्या वेगळ्या 'मास्टर' डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचा बॅकअप मी चार वर्षांत एकदाही घेतला नव्हता. चाळीस युजर हाताने जोडत बसलोय. स्टोअरकीपर शेजारी आहे, वहीत एकेक पायरी लिहून घेतोय. लॉग बॅकअप उद्यापासून, दर तासाला. डिफरन्शियल अजूनही नाही घेणार.